चीनला जायच्या तयारीची वर्षं

फॉर्म दोन पानांचा होता. प्रत्येक ओळीत आधी चिनी आणि खाली बारीक इंग्रजी. उजव्या कोपऱ्यात फोटो चिकटवायचा, आणि हॉस्पिटलचा शिक्का असा मारून घ्यायचा की तो अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर येईल. तसा शिक्का नसेल तर फॉर्म बाद, असं तळाशी ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं.

तो फॉर्म घेऊन मी चंदीगडच्या एका सरकारी हॉस्पिटलात तीन दिवस फिरले. रक्त दिलं, छातीचा एक्स-रे काढला, ईसीजी झाला. सगळं नॉर्मल आलं. शिक्का मात्र कुणी मारेना. खिडकीतला माणूस म्हणाला, "फोटो पे मोहर नहीं लगाते जी, फोटो खराब हो जाती है." मी त्याला तळाची ओळ दाखवली. त्यानं ती वाचली, वरची चिनी अक्षरं बघितली आणि विचारलं, "चीन जाना है? इस टाइम?"

तो फेब्रुवारी महिना होता. टीव्हीवर रोज करोनानं बंद पडलेल्या तिथल्या शहरांची, रिकाम्या रस्त्यांची चित्रं येत होती. मी म्हटलं, जायचंय सप्टेंबरमध्ये, तोपर्यंत सगळं निवळेल. मला ते पक्कं वाटत होतं. शेवटी आतल्या एका वयस्कर सिस्टरनं, माझ्या तोंडाकडे बघून असेल, शिक्का उचलला आणि फोटोवर नेमका हवा तसा मारला. माझ्या डाव्या गालावर निळा अर्धगोल उमटला. मी तो कागद छातीशी धरून हॉस्पिटलबाहेर आले तेव्हा मला वाटलं, अवघड काम झालं.

मी आठवीत असताना बाबांची बदली चंदीगडला झाली. ते लष्कराच्या बांधकाम खात्यात नागरी इंजिनिअर होते. ऑफिस चंडीमंदिरच्या छावणीत आणि क्वार्टर चंदीगडमध्ये. आम्ही मूळचे अमरावतीचे. आई बाहेर मोडकंतोडकं हिंदी बोलायची आणि घरात शिरली की चप्पल काढावी तशी ते काढून ठेवायची. बी.कॉम. झाल्यावर माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुली कॅनडाच्या तयारीला लागल्या. मला तिकडे जायचं नव्हतं. काय करायचंय तेही ठाऊक नव्हतं. युनिव्हर्सिटीत संध्याकाळी चिनी भाषेचा सर्टिफिकेट कोर्स चालतो अशी एक पाटी वाचली, आणि घरी बसण्यापेक्षा बरं म्हणून नाव घातलं.

पहिल्या दिवशी चौदा जण होते, दिवाळीनंतर पाच उरले. शिकवणाऱ्या मॅडम साठीच्या आसपासच्या, पतियाळाकडच्या. त्यांना आम्ही चिनी पद्धतीनं 'लाओशी', म्हणजे 'बाई', म्हणायचो. चिनीत एकाच शब्दाचा सूर बदलला की अर्थ बदलतो. मला ते महिनाभर जमलं नाही, आणि शेजारी बसणाऱ्या पंजाबी मुलीला पहिल्याच आठवड्यात जमलं. लाओशींनी सांगितलं, पंजाबीतही सूर आहेत, 'घोडा' म्हणताना आमचा आवाज कसा खाली जातो ते ऐक. उलट त्या मुलीची जीभ एका आवाजाशी अडायची. दाताला जीभ लावून म्हणायचा 'च' तिला येईना, ती 'चार'मधलाच 'च' काढायची. माझ्याकडे तो घरचाच होता, 'चाक'मधला. लाओशींनी मला उभं करून तीनदा 'चाक' म्हणायला लावलं आणि वर्गाला म्हणाल्या, "सुनो, ऐसे." आयुष्यात पहिल्यांदा माझी मराठी चंदीगडमध्ये कुणाच्या तरी उपयोगी पडली होती. त्या दिवसापासून मी अभ्यासाला लागले.

लाओशी स्वतः कधी चीनला गेल्या नव्हत्या. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. तरुणपणी त्यांची निवड झाली होती, पण ते पंजाबातले दहशतवादाचे वाईट दिवस होते. गावात कर्फ्यू, वडील एकटे. त्या गेल्या नाहीत. मग लग्न, मुलगा, नोकरी. पस्तीस वर्षं त्यांनी कॅसेटवरून आणि पुस्तकांतून शिकलेलं चिनी शिकवलं. मला शिष्यवृत्तीचा अर्ज करायला त्यांनीच लावलं. उत्तर चीनमधल्या एका युनिव्हर्सिटीत एक वर्षाचा भाषेचा अभ्यासक्रम. माझं निवेदन त्यांनी सात वेळा दुरुस्त केलं. एकदा म्हणाल्या, "तिथं गेलीस की मला एखाद्या स्टेशनवरच्या घोषणा रेकॉर्ड करून पाठव. मला बघायचंय, मला कळतात का."

घरी आईला ही भाषा काही पटत नव्हती. "तुले तिथं खायले काय भेटन?" हा तिचा एकच प्रश्न. पण मार्च लागताच तिनं क्वार्टरच्या गच्चीवर कुरड्या आणि मूगवड्या घातल्या. म्हणाली, "हे त नेशील. पाण्यात टाकलं का झालं."

त्याच महिन्याच्या शेवटी सगळं बंद झालं. गच्चीवर कुरड्या वाळत होत्या आणि खाली रस्त्यावर एक माणूस नव्हता.

निवडीचं पत्र तरीही आलं, जुलैमध्ये, ईमेलवर. लाल शिक्क्याचं, माझं नाव तीन चिनी अक्षरांत बसवलेलं. ते नाव लाओशींनीच ठेवलं होतं. मी पत्र बाबांना दाखवायला गेले. ते नुकतेच ऑफिसातून आले होते. लडाखमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत जवान मारले गेल्याला तेव्हा महिना झाला होता. पंजाबातल्या गावांत शवपेट्या गेल्या होत्या, आणि बाबा काम करायचे ते सगळं लष्करी वातावरणातच. त्यांनी पत्र पूर्ण वाचलं, चष्मा काढला.

"छान आहे, बेटा," ते म्हणाले. मग चष्मा पुसत, "ऑफिसात मी सध्या कुणाला काही सांगत नाहीये. विचारलं तर सांगीन. पण आपणहून नाही."

"कुणी काही बोललं का?"

"एक जण म्हणाला, तुमची मुलगी चिनी शिकते ना. एवढंच म्हणाला."

त्या दिवसापासून मी घरात मोठ्यानं वाचणं बंद केलं. खिडकी लावून, ओठांत पुटपुटत सराव करायचे. सूर असलेली भाषा पुटपुटत शिकता येत नाही, हे मला कळत होतं.

सीमा उघडेपर्यंत वर्ग ऑनलाइन भरतील असं युनिव्हर्सिटीनं कळवलं. तिथले आठ म्हणजे आमचे पहाटेचे साडेपाच. मी कानटोपी घालून स्वयंपाकघरात बसायचे, कारण नेट तिथंच नीट यायचं. पडद्यावर एकोणीस चौकटी. एक मुलगा आफ्रिकेतून, त्याच्यामागे कोंबडा आरवायचा. एक नेपाळची मुलगी. शिकवणारी बाई तरुण होती, फार मायेनं बोलायची आणि प्रत्येक तासाला एकदा म्हणायची, तुम्ही इथं आलात की मी तुम्हाला हे दाखवीन. कधी नदीवरचा पूल, कधी कॅन्टीनमधले मोमोसारखे गोळे. वसंत ऋतू आला तेव्हा तिनं फोन खिडकीबाहेर धरून फुललेली झाडं दाखवली. चौकटी कमी होत गेल्या. मे महिन्यात आम्ही सहा होतो. नेपाळची मुलगी कुणाला काही न सांगता यायची बंद झाली. मी तिला मेसेज केला, तिनं उत्तर दिलं, "दिदी, मेरी शादी हो गई."

पुढच्या वर्षीही सीमा बंदच राहिल्या. जागा एकदा पुढे ढकलून मिळाली, दुसऱ्यांदा मिळणार नाही असं पत्र आलं. दरम्यान माझ्या भाषेच्या परीक्षेचं सर्टिफिकेट दोन वर्षं झाली म्हणून बाद झालं. पोलिसांकडून आणलेला दाखला सहा महिन्यांत बाद व्हायचा, तो मी दोनदा काढला. मेडिकलचा फॉर्म दुसऱ्यांदा भरला, तोही वाया गेला. आईनं कुरड्या तळून वाढल्या. "पुढच्या सालच्या पुढच्या साली करू," म्हणाली. मी खाल्ल्या. छान झाल्या होत्या.

घरी बसून चालणार नव्हतं. डेराबस्सीला एका औषधांच्या कारखान्यात चिनी वाचणारं कुणी हवं होतं. कच्चा माल चीनमधून यायचा. पिंपांवरची लेबलं आणि सोबतचे तपासणीचे कागद बरेचदा अर्धे चिनी असायचे. मी ते वाचायचे, इंग्रजीत उतरवायचे आणि माल पाठवणाऱ्या कंपन्यांशी फोनवर चॅट करायचे. कारखान्याच्या बसनं जायचे. पोचायच्या आधीच दहा मिनिटं तो उग्र वास यायला लागायचा आणि संध्याकाळी घरी केस धुतल्याशिवाय जायचा नाही.

तिथं मला एक मैत्रीण मिळाली असं म्हणता येईल. माल पाठवणाऱ्या चीनमधल्या एका कंपनीतली बाई होती. आधी फक्त बॅच नंबर आणि तारखा चालायच्या. एकदा घाईत मी व्हॉइस मेसेज केला. तिनं लगेच उत्तर पाठवलं, "तू बोलतेस छान. आमच्याकडे कुठल्या शहरात शिकलीस?" मी सांगितलं, चंदीगडमध्ये, कधी आलेच नाही. तिचा विश्वास बसेना. मग ती रोज जेवणाच्या सुट्टीत एखादं वाक्य पाठवायची, मुलीच्या शाळेबद्दल, पावसाबद्दल. असे आठ-नऊ महिने गेले. एक दिवस तिच्या खात्यावरून एका पुरुषाचा मेसेज आला, आता हे काम मी बघतो. ती कुठं गेली विचारलं तर त्यानं एक हसरा चेहरा पाठवला आणि पुढच्या बॅचचा नंबर विचारला.

त्याच उन्हाळ्यात युनिव्हर्सिटीतला कोर्स बंद झाला. दोनच अर्ज आले होते. लाओशींचा मुलगा त्यांना कॅनडाला घेऊन जाणार होता. मी खोली आवरायला मदत करायला गेले. कपाटात जुन्या कॅसेट होत्या, त्या लावायला आता यंत्रच नव्हतं. लाओशी खुर्चीवर बसून सांगत होत्या, हे रद्दी, हे रद्दी. मी म्हटलं, यातलं काही मी ठेवते. त्या म्हणाल्या, "नको. तू जाऊन नवीन आण." निघताना माझा हात धरून त्यांनी चिनीत सांगितलं, अर्ज करणं सोडू नकोस. हिंदीत सांगितलं असतं तर कदाचित मी सोडलं असतं.

सीमा उघडल्याची बातमी आली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. परीक्षा पुन्हा दिली. आधीपेक्षा कमी गुण आले, पण पुरेसे. दाखले पुन्हा काढले. अर्जाच्या शेवटच्या तारखेला पंधरा दिवस असताना मेडिकल फॉर्म तिसऱ्यांदा भरायला घेतला. या वेळी शिक्क्यासाठी फिरायला नको म्हणून बाबांनी ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारलं. ते लातूरकडचे, इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात छातीच्या विकारांचे डॉक्टर. आमची ओळख मराठी मंडळींच्या गणपतीतली. बाबा माझ्याबरोबर आले. ते कधी येत नसत.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. थोडा वेळ बघत राहिले.

"खोकला आहे का तुला?"

"थोडा. कारखान्यातल्या वासानं होतो."

"वजन कमी झालंय?"

मला माहीत नव्हतं. आई म्हणत होती, पण ती नेहमीच म्हणते.

त्यांनी पेनानं उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागावर एक जागा दाखवली. धुरकट, रुपयाएवढी. "अजून तपासण्या करू. पण मला टीबी वाटतोय." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "घाबरू नकोस. सहा महिने गोळ्या, पूर्ण बरा होतो."

तपासण्या झाल्या. टीबीच निघाला. चार दिवसांनी आम्ही पुन्हा त्यांच्यासमोर बसलो. फॉर्म टेबलावर होता. त्यात रोगांची यादी, प्रत्येकासमोर हो की नाही. क्षयाच्या ओळीपाशी डॉक्टरांचं पेन थांबलं होतं.

"या वर्षी हे जमणार नाही," ते म्हणाले. "तुला उपचार पुरे करावे लागतील. नंतर अर्ज कर. डाग मात्र राहील एक्स-रेमध्ये, तो जायचा नाही. तेव्हा मी सोबत पत्र देईन. ते लोक काय करतात, सांगता येत नाही."

मी मान हलवली. काय ऐकलं ते माझ्यापर्यंत अजून पोचलं नव्हतं. आणि मग बाबा बोलले.

बाबांबद्दल सांगायला हवं. नोकरीच्या सगळ्या वर्षांत साइटवर सिमेंट जरा गुठळलेलं दिसलं तर ते पूर्ण गाडी परत पाठवायचे. वरून फोन आले तरी सही करायचे नाहीत. त्यापायी त्यांच्या दोन बदल्या झाल्या होत्या, आणि त्यातलीच एक चंदीगडची. माझ्या आठवणीत त्यांनी कशासाठीही कुणाकडे शब्द टाकला नव्हता.

"डॉक्टरसाहेब," बाबा म्हणाले, "मागच्या खेपेचा एक्स-रे नॉर्मल होता. तोच धरून... काही करता येईल का? गोळ्या ती इथून नेईल. एकही चुकवणार नाही. मी जबाबदारी घेतो."

डॉक्टर टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. बाबांनी मान खाली घातली. त्यांचे कान लाल झाले होते. मी कधी त्यांना असं बघितलं नव्हतं, आणि मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

"साहेब," डॉक्टर म्हणाले, "ती विमानात बसेल, होस्टेलमध्ये चार मुलींबरोबर राहील. मी नाही लिहू शकत."

"नाही, नाही. बरोबर आहे," बाबा घाईनं म्हणाले. "मी उगीच बोललो. माफ करा."

आम्ही पार्किंगपर्यंत चालत आलो. बाबांनी गाडीचं दार उघडलं आणि आत न बसता उभे राहिले. "मी विचारायला नको होतं," ते म्हणाले. मी म्हटलं, असू द्या बाबा. मला चीनला न जाण्याचं तेव्हा काही वाटत नव्हतं. त्यांच्या लाल कानांचं वाटत होतं. अजूनही जास्त त्याचंच वाटतं.

घरी आईनं ऐकलं आणि ती खाली बसली. मग उठून माझी ताटवाटी वेगळी काढली, थोड्या वेळानं स्वतःच ती परत सगळ्यांच्या भांड्यांत ठेवली. "काहून रडून राहिली?" तिनं विचारलं. मी रडत नव्हते. ती रडत होती.

सहा महिने मी गोळ्या घेतल्या. सुरुवातीला त्या घेतल्या की मळमळायचं आणि लघवी नारिंगी व्हायची. दोन महिने कारखान्यानं सुट्टी दिली. मी परत गेले तेव्हा माझ्या टेबलावर दुसरं कुणी बसत नव्हतं, म्हणून मला वाटलं जागा राखून ठेवलीय. स्टोअरमधल्या माणसानं सांगितलं, आता गरज पडत नाही. त्यानं खिशातून फोन काढला, पिंपावरच्या लेबलासमोर धरला आणि अक्षरं तिथल्या तिथं इंग्रजी झाली. "देखो जी," तो कौतुकानं म्हणाला. त्याला मला दुखवायचं नव्हतं. एक शब्द चुकला होता, साठवणुकीच्या तापमानाबद्दलचा. मी तो सांगितला. त्यानं मान डोलावली आणि पुढच्या पिंपाकडे गेला. मला खरेदी विभागात घेतलं. तिथं चिनी लागत नाही.

लाओशींचा कॅनडाहून अधूनमधून व्हिडिओ कॉल येत असे. आजाराचं मी त्यांना दोन महिने सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा त्यांनी आधी गोळ्या वेळेवर घेतेस का ते विचारलं. मग त्यांनी त्यांची एक गोष्ट सांगितली. त्यांच्या बसस्टॉपवर एक म्हातारी चिनी बाई रोज दिसायची. बरेच दिवस धीर गोळा करून लाओशींनी तिला चिनीत विचारलं, तुमची तब्येत कशी आहे, आज थंडी आहे ना. ती बाई घाबरून बघत राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, सॉरी, मला हिंदी येत नाही.

लाओशी हे सांगताना हसत होत्या. मीही हसले. मग त्या म्हणाल्या, चल, सूनबाईला फोन हवाय.

गेल्या वर्षी बाबा निवृत्त झाले. क्वार्टर सोडावं लागलं. आई-बाबा अमरावतीला परतले, मी डेराबस्सीच्या नोकरीसाठी इथंच एका पीजीमध्ये राहते. सामान बांधताना बाबांना माझी फाइल सापडली. तिन्ही वर्षांचे फॉर्म, निवडीचं पत्र, बाद झालेली सर्टिफिकेटं. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि विचारलं, "या वर्षी भरणार आहेस का?"

"बघते," मी म्हटलं.

अर्ज सुरू झाले तसे मी अर्जाचं पान उघडलं होतं. माझं जुनं लॉगिन, जुना पासवर्ड चालला. तीन चिनी अक्षरांतलं नाव लिहायच्या रकान्यात मी हात थांबवला, कारण मधलं अक्षर मला आठवेना. लाओशींना विचारता आलं असतं. जुन्या पत्रात बघता आलं असतं, फाइल पलंगाखालीच होती. मी बराच वेळ तशीच बसले, मग शेजारच्या खोलीतल्या मुलीनं जेवायला हाक मारली आणि मी गेले. शेवटची तारीख कधी होऊन गेली, मी पाहिलं नाही. आता आई फोनवर चीनचं नावही काढत नाही, आणि बाबा विचारतात ते फक्त खोकला आहे का.